काळ्या दोरीचा गठ्ठा

शिरूर,
दि. ४ ऑक्टोबर १९७६

चि. पोपट कोंडिबा ओव्हाळ यास,
मुक्काम दौंड, रेल्वे गँगच्या खोल्या.

जयभीम.

तेरा वर्षांत मी तुला पत्र लिहिलेले नाही. तूही मला लिहिलेले नाहीस. तेव्हा या बाबतीत बाप आणि मुलगा सारखेच आहेत. आजचे पत्र फक्त माहितीसाठी आहे. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

माहिती अशी की, येथील दप्तरखान्यास शासनाचे अनुदान मंजूर झाले आहे. सामान्य माणसास आपला कागद पाहावयास मिळावा, त्यास दिवसच्या दिवस खिडकीशी तिष्ठत उभे राहावे लागू नये, असा अनुदानाचा हेतू आहे. लोखंडी मांडण्या येणार आहेत. लोकांसाठी एक लांब मेज व दोन बाकडी येणार आहेत. वाळवीची फवारणी होणार आहे. हे सर्व मार्चअखेर पुरे करावयाचे आहे.

दप्तरातील निम्मे कागद मोडी लिपीत आहेत आणि हल्लीच्या कारकुनांस मोडी वाचता येत नाही. माझे शिक्षण चौथीपर्यंतचेच, परंतु त्या काळी चौथीच्या मुलास मोडी घडाघडा वाचावी लागे. म्हणून सेवानिवृत्तीस तीन वर्षे झाल्यावर मला सहा महिन्यांसाठी पुन्हा कामावर बोलावण्यात आले आहे. दप्तरबंद म्हणून अडतीस वर्षे मी त्या खोलीतले गठ्ठे बांधले व सोडले. माझ्याशिवाय ते हलविता येणार नाहीत, हे त्यांना उशिरा का होईना समजले.

तुझ्या पत्नीने, सौ. रंभाने, तुझ्या आईस पत्र पाठविले होते. तुझ्या आईस वाचता येत नसल्यामुळे ते मला वाचून दाखवावे लागले. रोजंदारीवरच्या माणसांना कायम करण्यासाठी २२ डिसेंबर रोजी दौंड येथे स्क्रीनिंग आहे, असे त्यात होते. कामावर प्रथम लागला त्या दिवशी माणसाचे वय पंचविसाच्या आत असले पाहिजे, असेही होते. शाळेच्या दाखल्याप्रमाणे तू त्या दिवशी सव्वीस वर्षांचा ठरतोस, म्हणून या खेपेसही तुझे नाव वगळले जाईल आणि पुढे अशी खेप येणार नाही, असेही होते. तो मजकूर मला लिहिलेला नव्हता. सबब मी त्यावर काही लिहीत नाही.

तुझी आई चुलीपुढून सांगते आहे, "त्याला लिव्हा, बाप थकलाय म्हणावं." मी थकलेलो नाही.

कोंडिबा म्हाळू ओव्हाळ


शिरूर,
दि. ७ नोव्हेंबर १९७६

चि. पोपट यास जयभीम.

मागील पत्राचे उत्तर आले नाही. ते मी मागितलेही नव्हते.

काम सुरू आहे. अनुदानाच्या देखरेखीसाठी पुण्याहून ललिताबाई नावाच्या एक बाई आल्या आहेत. वय सव्वीस-सत्तावीस असेल. अंगाने लहान, पण शिस्तीच्या कडक. मला त्या 'आबा' म्हणतात, तथापि माझे ऐकत नाहीत. अनुदानाची अट अशी की, दप्तरखान्यातील प्रत्येक गठ्ठा सोडून, आतील कागद पाहून, त्याची नोंद यादीत केली पाहिजे. एकही गठ्ठा न सोडता राहिला, तर शेवटचा हप्ता मिळणार नाही.

मी त्यांना स्पष्ट सांगितले की, लाल कापडातील गठ्ठे कायम जतन करावयाचे व काळ्या दोरीचे जाळावयाचे, हा येथील जुना रिवाज आहे. माझ्या हातची गाठ असेल, तर आत काय आहे ते बाहेरून कळते. सोडण्याची गरज नाही.

त्या म्हणाल्या, "आबा, गाठ तुम्हाला कळते. लोकांना यादी लागते."

त्या दिवसापासून आम्ही गठ्ठे सोडतो. मी वाचतो, त्या लिहितात आणि हौसराव उचलतो. हौसराव हा माझ्यानंतर नेमलेला दप्तरबंद. माणूस कामाचा आहे, फक्त तोंड थांबत नाही.

माझी जुनी बैठक तुला आठवत असेल. दप्तरबंदास खुर्ची मिळत नसे आणि फरशी हिवाळ्यात बर्फासारखी गार पडे. म्हणून जाळावयाच्या गठ्ठ्यांपैकी एक काळ्या दोरीचा गठ्ठा मी बसण्यासाठी ठेवून घेतला होता. इतर रद्दी दोन महिन्यांत दबून चपटी होते. हा गठ्ठा पंधरा वर्षांत तसूभर दबला नाही. बांधणी कशी असावी याचा नमुना म्हणून मी तो नव्या माणसांस दाखवीत असे. माझ्यामागे हौसराव त्यावर बसू लागला. आता अनुदानातून दप्तरबंदासाठी लोखंडी खुर्ची येणार आहे. हौसराव म्हणतो, "आबा, तुमी पंधरा वर्सं बसला, मी तीन वर्सं बसलो. आता ह्या गठ्ठ्याला बी पेन्शन द्या."

त्याच बैठकीवर मी बसलो असताना तू १९६३ सालच्या उन्हाळ्यात खिडकीशी आला होतास. रेल्वेच्या भरतीसाठी तुला मांडवगण फराट्याच्या जन्मनोंदीचा उतारा हवा होता. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तुला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास लावला होता. तुझा हात लांब. तो कानाच्याही खाली गेला. मास्तरांनी पाच वर्षांच्या मुलाचे वय सात लिहिले व तारीख १ जून घातली. त्यांची चूक मूळ नोंदीनेच दुरुस्त होणार होती. नोंद आढळत नाही, असे मी सांगितले. तू म्हणालास, "आप्पा, मग दप्तर गहाळ हाय असं तरी लिवून द्या. तेवढ्यावर मी कोर्टातनं वय शाबीत करतो." मी म्हणालो, माझ्या दप्तरात काहीही गहाळ होत नाही. त्यानंतर तू जे बोललास ते मी येथे लिहीत नाही. ते मला पाठ आहे.

तुझी आई सांगते की, तुझा जन्म शेंगा उपटण्याच्या दिवसांतला, दिवाळी सरल्यावरचा. आईची साक्ष रेल्वे धरीत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग मी कुणाची आई हाय ते तरी धरत्यात का?"

आणखी सुमारे दोनशे गठ्ठे सोडावयाचे आहेत.

कोंडिबा


शिरूर,
दि. २ डिसेंबर १९७६

चि. पोपट यास जयभीम.

हे पत्र मिळताच रजा घेऊन निघावे.

मौजे मांडवगण फराटा येथील सन १९३१ ते १९४७ या काळातील जन्म-मृत्यूची तीन रजिस्टरे दप्तरखान्यात आढळून आली आहेत. त्यांपैकी दुसऱ्या रजिस्टरात तुझ्या जन्माची नोंद आहे. तारीख ९ नोव्हेंबर १९३८. कामावर लागलास त्या दिवशी तुझे वय चोवीस वर्षे नऊ महिने होते.

नोंदीत मुलाचे नाव नाही, कारण बारसे व्हावयाचे होते. काळजी करू नये. मला एकच मुलगा असल्याचा तलाठ्याचा दाखला लागेल. तो मी काल मांडवगणास जाऊन आणून ठेवला आहे.

तू स्वतः येऊन अर्ज द्यावयाचा आहे. अर्जाचा नमुना सोबत आहे. माझ्या ओळखीने काही मागू नये, तशी गरजही नाही. नव्या नियमाप्रमाणे कोणासही मेजाशी बसून रजिस्टर पाहता येते व तीन दिवसांत नक्कल मिळते. २२ तारखेस अवकाश आहे.

रजिस्टरे सुस्थितीत आहेत. वाळवी नाही, ओल नाही.

कोंडिबा


शिरूर,
दि. ३ डिसेंबर १९७६

चि. पोपट यास जयभीम.

कालच्या पत्रात रजिस्टरे आढळून आली, एवढेच लिहिले. कोठे आढळली ते लिहिले नाही. तू ते विचारशील व मला तोंडाने सांगता येणार नाही. म्हणून लिहितो.

यादीचे काम मंगळवारी संपत आले. ललिताबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आता एकच राहिला. तुमची बैठक."

मी म्हणालो, ती रद्दी आहे.

त्या म्हणाल्या, "रद्दी असेल तर रद्दी लिहू. पण सोडून लिहू."

हौसरावाने गठ्ठा मेजावर ठेवला. ठेवताना म्हणाला, "लई जड हाय हो. कागुद एवढा जड नसतुया." काळी दोरी माझ्याच हातची होती, म्हणून गाठ मीच सोडली. मळकट कापड बाजूला केले. आत पुठ्ठ्याच्या बांधणीची तीन रजिस्टरे होती. सुट्या कागदांच्या गठ्ठ्यासारखी ती दबली नाहीत, कारण ती रद्दी नव्हतीच. पंधरा वर्षे मी ज्या बांधणीची फुशारकी मारली, ती त्या पुठ्ठ्यांची होती.

झाले असे होते. १९५८ साली ही रजिस्टरे एका दाव्यासाठी कोर्टात गेली होती. ती परत आली त्या दिवशी लाल कापडे धुण्यास परटाकडे दिलेली होती. उघडी राहू नयेत म्हणून जे कापड व जी दोरी हाताशी होती, त्यांत मी ती बांधून ठेवली. दुपारी बदलू, असे मनात होते. दुपारी साहेबांच्या दौऱ्याचे सामान उतरविण्यास मला बोलावले आणि ती गोष्ट डोक्यातून गेली. चार दिवसांनी काळ्या दोरीचे गठ्ठे अंगणात जाळले. त्यांतला जो सर्वांत टणक, तो मी बसण्यासाठी बाजूला काढला. गाठ माझीच असल्यामुळे आत पाहिले नाही.

तीन आठवड्यांनी फळीवर मांडवगणाची जागा रिकामी दिसली. तेव्हा माझ्या लक्षात आले की, ती रजिस्टरे मी माझ्या हाताने जाळली. एका गावाचे सतरा वर्षांचे जन्म आणि मृत्यू. मी कोणासही बोललो नाही. नोकरी जाईल, ही एक भीती होती. दुसरी भीती त्याहून मोठी होती. आपल्या समाजाचा, चौथी शिकलेला माणूस त्या खोलीत किल्लीचा धनी होता. पुष्कळांस ते खुपत होते. त्यांच्या हाती मी हे कसे देणार, असे मी मनाशी म्हणे. हे कारण खरे आहे. परंतु मी त्यामागे लपलो, हेही खरे आहे.

म्हणून मी तुला "गहाळ" असे लिहून दिले नाही. त्या एका शब्दाने तुझे काम झाले असते. माझ्या नावास डाग लागू नये म्हणून तू तेरा वर्षे रुळांवर खडी ओढलीस.

आणखी एक दुरुस्ती. मला कामावर बोलावण्यात आले, असे मी पहिल्या पत्रात लिहिले होते. मला कोणीही बोलावले नव्हते. रंभाचे पत्र वाचल्यावर मी आपण होऊन कचेरीत गेलो, तीनदा गेलो आणि मोडी वाचता येते असे सांगून काम मागितले. ती रजिस्टरे जळाली, असेच मी तेव्हाही धरून होतो. तरीपण जुन्या रोजकीर्दीत किंवा कोर्टाच्या कागदांत एखादा उतारा राहिला असेल, अशी आशा होती.

ही हकीकत मी लेखी जबाब म्हणून ललिताबाईंस काल दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. "आबा, हे मला दाखल करावं लागेल. तुमच्या पेन्शनचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

मी म्हणालो, दाखल करण्यासाठीच दिले आहे.

तुझ्या आईसही मी अठरा वर्षे हे सांगितले नव्हते. काल सांगितले. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "मंजी पंधरा वर्सं तुमी लेकाच्या जल्मावर बसला व्हता व्हय?" मी होय म्हणालो. ती पदर तोंडाला लावून हसू लागली आणि पुष्कळ वेळ हसत राहिली. नंतर डोळे पुसून म्हणाली, "जळालं न्हाई ना. बास झालं."

मलाही मंगळवारी प्रथम तसेच वाटले. स्वतःची लाज वाटण्याआधी ते वाटले. जळाले नाही.

तू रागावून यावेस, हरकत नाही. परंतु यावेस.

तुझा बाप,
कोंडिबा


शिरूर,
दि. ५ जानेवारी १९७७

चि. पोपट व सौ. रंभा यांस जयभीम.

तुझे कार्ड काल मिळाले. तुझ्या आईने ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतले. त्यानंतर हौसरावास घरी बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतले, मी पदरचे घालून वाचीत नाही ना, याची खात्री करण्यासाठी. कार्ड असे आहे: "आप्पास जयभीम. यादी लागली. माझं नाव अकरावं हाय. कायम झालो. आईला सांगा. येत्या रविवारी दोघं या." हौसरावाने तेच वाचले, तेव्हा तिचा विश्वास बसला. ती दारात उभी राहून शेजारच्या साखरबाईस म्हणाली, "अकरावा आला माझा पोपट." साखरबाईने विचारले, "किती जणांत?" त्यावर तुझी आई म्हणाली, "तुला काय करायचंय?"

तू डिसेंबरच्या ७ तारखेस आलास त्या दिवशी मी थोडे बोललो. राहिलेले लिहितो.

तू ललिताबाईंस अर्ज दिलास व बाकावर बसलास. माझ्याकडे पाहिले नाहीस, ते बरोबरच होते. मेजाशी बसून आपले कागद पाहणारा तू पहिला माणूस. नव्या वहीत पहिली सही तुझी आहे. त्या मेजावर माझी सावली पडू नये, असे मला वाटत होते, परंतु मोडी वाचण्यास दुसरे कोणी नव्हते.

मी ओळीखाली बोट ठेवून वाचले. "कोंडिबा म्हाळू महार यास मुलगा. आईचे नाव आका. खबर देणार, म्हाळू, बापाचा बाप." तेथे मी थांबलो आणि अक्षर अस्पष्ट आहे, असे सांगितले. अक्षर स्पष्ट होते. गावातल्या प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची खबर चावडीवर पोहोचविणे, हे त्या काळी आपल्याच घरावर लादलेले काम होते. माझ्या बापाने ते जन्मभर केले. तुझ्या जन्माची खबरही तोच घेऊन गेला, दारात उभा राहिला आणि नीट सांगून आला. त्यास एक अक्षर येत नव्हते. त्याच्या हातून खबर हरवली नाही.

तू म्हणालास, "आप्पा, गहाळ म्हणून लिवून दिलं असतं, तरी मी काय म्हणालो नसतो." मी होय म्हणालो. आता लिहितो की, माझी चूक झाली, आणि ती गाठ बांधण्यात झाली त्याहून मोठी खिडकीशी झाली.

माझ्या जबाबावर निकाल आला आहे. रजिस्टरे शाबूत मिळाल्यामुळे व जबाब आपण होऊन दिल्यामुळे पेन्शनीस धक्का नाही. लेखी समज देण्यात आली आहे. ती मी फाईल करून ठेवली आहे. अडतीस वर्षांत मला मिळालेली ती पहिलीच समज. तुझी आई म्हणते, "उशिरा का असंना, समज आली."

मांडवगणाच्या आणखी सतरा माणसांना मी त्या वर्षांत "आढळत नाही" असे सांगून परत पाठविले होते. त्यांची नावे मला तोंडपाठ आहेत. ललिताबाईंच्या परवानगीने प्रत्येकास कार्ड लिहीत आहे की, आपली नोंद आढळली आहे, येऊन पाहावी. चौदा कार्डे गेली. दोघे हयात नाहीत. त्यांच्या मुलांस लिहिले. एक दगडाबाई. वारसाच्या कामासाठी तिला नवऱ्याच्या मृत्यूची तारीख हवी होती आणि ती पाच वेळा आली होती. तिला कार्ड न टाकता मी स्वतः जाऊन आलो. तिने मला दारातच पुष्कळ सुनावले. ते ऐकून घेतले. मग तिने चहा केला.

अनुदानाचा साहेब पाहणीस येऊन गेला. यादी पुरी भरली, शेवटचा हप्ता मंजूर झाला. यादीत सर्वांत शेवटी तो गठ्ठा आहे. ललिताबाईंनी 'पूर्वीचे ठिकाण' या रकान्यात काय लिहावे, असे मला विचारले. मी म्हणालो, जे होते तेच लिहावे. त्यांनी लिहिले: "दप्तरबंदाची बैठक." आता त्यास लाल कापड आहे. बांधताना हौसरावाने गाठ मारली व मी आत काय आहे ते पाहून घेतले.

लोखंडी खुर्ची आली आहे. ती हौसरावाची आहे, कारण दप्तरबंद तो आहे. तो कधी कधी मला आग्रहाने तीत बसवितो.

रविवारी न्हावऱ्यावरून दौंडास येणाऱ्या सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे निघतो. तुझ्या आईने शेंगांची पोटली आताच बांधून ठेवली आहे, माझ्या हाती बांधू दिली नाही. तुमच्या खोलीत खुर्ची नाही, असे रंभाने कार्डाच्या कडेला मुद्दाम लिहिले आहे.

हरकत नाही. मला खाली बसता येते.

तुझा,
आप्पा